हेपारिन कुठून येतं आणि उद्या कुठून येईल

भारतानं म्हशीच्या आतड्यापासून हेपारिन बनवावं, आणि ते मोठ्या प्रमाणावर, स्वतःच्या मानकाखाली, सरकारी खरेदीच्या हमीवर बनवावं, असं माझं ठाम मत आहे. धुळ्यात औषधांचं दुकान चालवणाऱ्या माणसानं असं काही बोललं की समोरचा आधी दचकतो. म्हशीचं आतडं? औषधात? मग मी विचारतो, आज तुमच्या वडिलांच्या डायलिसिसला जे हेपारिन लागतं ते कशापासून बनतं, माहीत आहे का? बहुतेकांना माहीत नसतं. ते डुकराच्या आतड्यापासून बनतं, आणि ती डुकरं बहुतांशी चीनमधली असतात. जनावराच्या आतड्याचं औषध घ्यायचं की नाही, हे आपण नकळत कधीच ठरवून बसलो आहोत. आता एवढंच ठरवायचं उरलंय, की एवढं मोलाचं औषध एकाच जनावरावर आणि एकाच देशावर किती दिवस सोडून द्यायचं.

हेपारिन रक्ताची गुठळी होऊ देत नाही. शिरेतून दिलं की काही क्षणांत काम सुरू करतं, आणि गरज संपली की प्रोटॅमिन नावाचं दुसरं इंजेक्शन देऊन त्याचा असर उतरवता येतो. लगेच चढणारं आणि लगेच उतरवता येणारं असं दुसरं औषध सहज हाताशी नाही. म्हणून हृदय थांबवून, रक्त मशीनमधून फिरवून केलेलं बायपासचं ऑपरेशन हेपारिनवर चालतं. अँजिओप्लास्टीच्या टेबलावर ते लागतं, अतिदक्षता विभागात लागतं. हृदयाची झडप बदललेली बाई गरोदर राहिली की तिच्या नेहमीच्या गोळ्या बाळाला घातक ठरू शकतात. हेपारिन वारेतून बाळापर्यंत जात नाही, म्हणून तिला काही काळ त्यावर ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे.

पण खानदेशात ते सर्वांत जास्त कुठे दिसतं, तर डायलिसिसच्या खोलीत. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सोयी वाढल्या. पूर्वी साक्री-शिरपूरचा पेशंट नाशिक नाहीतर सुरत गाठायचा. आता त्याचं बरंचसं काम घराजवळ होतं. चार तासांचं एक सत्र, आठवड्यातून दोन-तीनदा, जन्मभर किंवा किडनी मिळेपर्यंत. ज्यांनी ही खोली पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पलंगाशेजारी उभ्या मशीनला फूटभर लांबीची पारदर्शक नळी लावलेली असते, तिला डायलायझर म्हणतात. तिच्या आत केसासारखे बारीक हजारो धागे असतात, आतून पोकळ. रक्त त्या धाग्यांतून वाहतं. हेपारिनचा डोस बरोबर असेल तर सत्र संपल्यावर सलाइन सोडलं की धागे पुन्हा पांढरे होत जातात, म्हणजे रक्त अंगात परत गेलं. डोस कमी पडला तर धाग्यांमध्ये काळपट रेघा उमटतात, मशीन दाबाचा अलार्म द्यायला लागतं, आणि शेवटी ती नळी आतल्या रक्तासकट फेकून द्यावी लागते. ज्याचं हिमोग्लोबिन आधीच सात-आठवर आलंय त्याचं ते रक्त. काही पेशंटांना हेपारिनशिवायही डायलिसिस करता येतं, सलाइननं वारंवार धुऊन. पण त्याला जास्त मनुष्यबळ लागतं, आणि एका सिस्टरकडे चार-चार पलंग असलेल्या ठिकाणी ते रोजचं करता येत नाही.

हे औषध सापडलं १९१६ मध्ये. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि कुत्र्याच्या यकृतातून त्याला नेमका उलटा पदार्थ मिळाला. माणसाला देण्याइतकं शुद्ध हेपारिन बनायला पुढची वीस वर्षं गेली. ते काम प्रामुख्यानं टोरांटोत आणि स्वीडनमध्ये झालं. सुरुवातीला गाईगुरांचं यकृत, मग फुप्फुस, आणि शेवटी आतड्याचं अस्तर, असा कच्चा माल बदलत गेला. शंभर वर्षं उलटली तरी जनावराशिवाय हेपारिन बाजारात येत नाही. कत्तलखान्यातून आतडी येतात, अस्तर खरवडून काढतात, त्यावर विकरांची (एन्झाइमांची) प्रक्रिया होते, मग रेझिनवर हेपारिन धरून ठेवतात, मिठाच्या पाण्यानं सोडवतात, अल्कोहोलनं साका खाली बसवतात. एक किलो शुद्ध हेपारिनला साधारण तीन हजार डुकरांची आतडी लागतात. जगातली जवळपास निम्मी डुकरं चीनमध्ये आहेत, म्हणून कच्च्या हेपारिनचा मोठा हिस्साही तिथूनच निघतो. त्यात चीनचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. जिथे जनावर तिथे आतडं, जिथे आतडं तिथे हेपारिन, इतकं ते सरळ आहे. पण या सरळपणातला धोका दोनदा उघडा पडलाय, आणि दोन्ही वेळा आपण तो विसरून गेलो.

पहिली वेळ २००७-०८ ची. २००६ पासून चीनमध्ये डुकरांना ब्ल्यू इअर नावाच्या रोगाची साथ आली, जनावरं मेली, आतडी कमी पडली, कच्च्या हेपारिनचा भाव चढला. तिथे कच्चा माल गोळा करणारी साखळी गावोगावच्या छोट्या घरगुती कारखान्यांपर्यंत पसरलेली होती. त्या साखळीत कुठेतरी हेपारिनमध्ये ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट नावाचा पदार्थ मिसळला गेला. कॉन्ड्रॉइटिन आम्हा दुकानदारांच्या ओळखीचं. गुडघेदुखीच्या गोळ्यांत असतं, जनावरांच्या कूर्चेपासून बनतं, स्वस्त असतं. त्यावर रासायनिक प्रक्रिया केली की ते हेपारिनसारखं वागतं. त्या वेळी हेपारिनची चाचणी म्हणजे ते रक्त गोठणं किती रोखतं हे पाहणं. भेसळीनंही ते रोखलं, चाचणी पास झाली, माल पुढे गेला.

अमेरिकेत सेंट लुईसच्या मुलांच्या रुग्णालयात डायलिसिसवरची मुलं इंजेक्शन दिल्याबरोबर सुजू लागली, त्यांचा रक्तदाब कोसळू लागला, आणि तिथल्या डॉक्टरांनी ते कळवलं. मग एकेक धागा उलगडत गेला. अमेरिकेत ८१ मृत्यूंशी या औषधाचा संबंध जोडला गेला, आणि भेसळीचा माल दहाहून अधिक देशांत सापडला. ज्या चिनी कारखान्यातून माल आला त्याची तपासणी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं केलेलीच नव्हती. नावाच्या साधर्म्यामुळे दुसराच कारखाना तपासलेला समजला गेला होता. जगातल्या सर्वांत कडक म्हणवणाऱ्या यंत्रणेचं हे झालं. त्यानंतर चाचण्या बदलल्या, एनएमआरसारख्या तंत्रानं रेणू ओळखणं सक्तीचं झालं, आणि ही विशिष्ट भेसळ आता सहजासहजी निसटणार नाही. मात्र ज्या तुटवड्यातून भेसळीचा मोह उभा राहिला तो तुटवडा पुन्हा यायला कुणीही अडवलं नाही.

आणि तो आला. ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरला. वर्षभरात तिथल्या डुकरांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. या रोगावर तेव्हा लस नव्हती. कळपच्या कळप मारून पुरावे लागले. २०२० मध्ये तो आसाम-अरुणाचलमार्गे भारतातही पोचला. त्याच वर्षी करोना आला, आणि करोनाच्या गंभीर पेशंटांच्या फुप्फुसांत गुठळ्या होतात हे कळल्यावर जगभर हेपारिन आणि त्याच्यापासूनच बनणारं एनोक्सापॅरिन रोजच्या उपचारात आलं. म्हणजे कच्चा माल आटलेला असताना मागणी अचानक वाढली. भारतात हेपारिनच्या किमतीवर सरकारी कमाल मर्यादा आहे. बाहेरून येणारा कच्चा माल महाग आणि विक्रीचा भाव बांधलेला, अशा कात्रीत उत्पादक सापडले. २०२० च्या मध्यात राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाला हेपारिनच्या कमाल किमतीत ५० टक्के वाढ द्यावी लागली, कारण वाढ दिली नाही तर माल बाजारातून नाहीसा होईल अशी वेळ आली होती.

त्या उन्हाळ्यातला एक मुलगा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. शिंदखेड्याकडचा, पंचविशीतला. वडील एका खासगी केंद्रात डायलिसिसवर. केंद्रानं सांगितलेलं, हेपारिन बाहेरून आणा, आमच्याकडचं संपलंय. खिशातून त्यानं रिकामी व्हायल काढली, पाच एमएलची, लेबल घामानं भिजून अर्धवट निघालेलं, म्हणजे चुकीचं औषध हाती पडू नये याची काळजी. माझ्याकडे नव्हतं. मी त्याच्या समोरच स्टॉकिस्टना फोन लावले, धुळे, जळगाव, नाशिक. सगळीकडून एकच उत्तर, माल शॉर्ट आहे, आला की कळवतो. तो काउंटरला हात टेकून उभा होता. म्हणाला, "भाऊ, आते कथा जावानं?" म्हणजे, आता कुठे जायचं? मी त्याला दोन दुकानांचे पत्ते दिले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याला कुठूनतरी एक व्हायल मिळाली, एवढं नंतर कळलं. त्या प्रश्नाला मी त्याला दिलेलं उत्तर पत्त्यांचं होतं. खरं उत्तर धोरणाचं आहे, आणि ते त्या मुलानं शोधायचं नाही.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मैलोन् मैल एकाच वाणाची, ऊतिसंवर्धित, एकासारखं एक रोप असलेली बाग म्हणजे काय, हे त्यानं कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे त्याच्या भाषेतला हरण्या रोग आला तेव्हा पाहिलंय. उत्पन्न भरघोस असतं, व्यापारी खूश असतो, आणि एक रोग शिरला की शेजाऱ्याची बाग वाचत नाही, कारण शेजाऱ्याचीही बाग तीच असते. हेपारिनच्या बाबतीत सगळं जग अशीच एक बाग करून बसलंय.

यावर मला हमखास विचारलं जातं, की आता नव्या गोळ्या निघाल्यात ना, मग हेपारिनचा एवढा घोर कशाला? नव्या गोळ्या आहेत आणि चांगल्या आहेत. डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्सॅबान, अ‍ॅपिक्सॅबान यांनी पायातल्या गुठळीच्या आणि अनियमित ठोक्यांच्या कितीतरी पेशंटांचं जगणं सोपं केलं. पण बायपास मशीनमध्ये आणि डायलायझरमध्ये हेपारिनची जागा गोळी घेत नाही. पूर्ण कृत्रिम फोंडापॅरिनक्स आहे. त्याचा असर प्रोटॅमिननं उतरत नाही, आणि किडनी निकामी असलेल्या माणसाला ते देता येत नाही. विकरांच्या मदतीनं प्रयोगशाळेत हेपारिन घडवण्याचं संशोधन अमेरिकेत अनेक वर्षं चाललंय, रॉबर्ट लिन्हार्ट आणि जियान लिऊ यांच्या गटांचं त्यात मोठं काम आहे. ते यशस्वी व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण ते व्हायलमध्ये भरून शिंदखेड्याला पोचेपर्यंत डायलिसिसचा पेशंट थांबू शकत नाही.

आपल्याकडच्या पेशंटांचं आणखी एक वेगळेपण आहे. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यापासून ते गिरणेच्या काठापर्यंत लहानपणीच्या घशाच्या संसर्गातून झडपा खराब झालेली माणसं अजून भेटतात. श्रीमंत देशांतून हा आजार जवळपास गेला, म्हणून त्यांच्या संशोधनात तो फारसा दिसत नाही. धातूची झडप बसवलेल्यांना डॅबिगॅट्रान देऊन पाहणारा अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. याच आजारासाठी, म्हणजे संधिवाती हृदयरोगासाठी, २०२२ मध्ये २४ देशांतल्या साडेचार हजारांवर पेशंटांचा इन्व्हिक्टस नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. तिथे रक्त पातळ ठेवणाऱ्या जुन्या वॉरफरिन गटातल्या गोळ्याच नव्या गोळीपेक्षा सरस ठरल्या. तेव्हा आमच्या काउंटरवरची वॉरफरिन आणि अ‍ॅसिट्रॉमची पाकिटं इतक्यात कुठे जात नाहीत, आणि ज्या पेशंटला ऑपरेशनआधी त्या बंद करून चार दिवस हेपारिनवर आणावं लागतं तोही कुठे जात नाही. जुनी, स्वस्त, नफा कमी देणारी औषधं गरीब माणसाला सर्वांत जास्त लागतात, आणि त्यांच्याच पुरवठ्याकडे सर्वांत कमी लक्ष असतं.

आता म्हशीकडे येतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात डुकरं होती नव्वद लाखांच्या आसपास, आणि म्हशी जवळपास ११ कोटी. जगात एवढ्या म्हशी दुसऱ्या कुठल्याच देशात नाहीत. चीनच्या डुकरांशी स्पर्धा करणं आपल्याला कधीच जमणार नाही. म्हशींच्या बाबतीत मात्र आपल्या पुढे कुणी नाही. भारत अलीकडे दरवर्षी पंचवीस हजार कोटी रुपयांहून जास्त किमतीचं म्हशीचं मांस निर्यात करतो, ते नोंदणीकृत, तपासणी होणाऱ्या, शीतगृहं असलेल्या कत्तलखान्यांतून. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हशींना ती बंदी लागू नाही. मी मांसाहाराची बाजू मांडायला बसलेलो नाही. माझ्या घरात मांस शिजत नाही, आणि भाकड म्हशीचं काय करायचं या प्रश्नावर खानदेशातल्या दूधवाल्यांमध्ये किती घालमेल असते तेही मी जाणतो. पण जे जनावर कायद्यानं आजच कापलं जातंय, त्याच्या आतड्याचं अस्तर गटारात किंवा खतात जाण्याऐवजी औषधात गेलं तर एकही जनावर जास्तीचं कापावं लागत नाही.

गाईम्हशींच्या आतड्याचं हेपारिन ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. १९९० च्या दशकापर्यंत अमेरिकेतही गुरांपासूनचं हेपारिन मिळत होतं. ब्रिटनमध्ये मॅड काउ रोग पसरला आणि भीतीपोटी उत्पादकांनी ते थांबवलं. तेव्हापासून सगळा भार डुकरावर पडला. ब्राझील आणि अर्जेंटिना गुरांचं हेपारिन वापरत राहिले. आता खुद्द अमेरिकेचं औषध प्रशासन कंपन्यांना सांगतंय की गुरांपासूनचं हेपारिन परत आणा, आम्ही अर्ज तपासायला तयार आहोत. आणि मॅड काउच्या बाबतीत भारताची स्थिती चांगली आहे: जागतिक पशुआरोग्य संघटनेनं आपल्याला नगण्य जोखमीच्या देशांत धरलंय. आपली म्हैस कडबा, सरकी आणि चारा खाऊन वाढते; ज्या मांस-हाडांच्या पुडीतून तो रोग युरोपात पसरला ती तिच्या दावणीत पडत नाही.

अडचणी आहेत, आणि त्या झाकून ठेवल्या तर हा सगळा विचारच धोक्याचा होईल. गुरांचं हेपारिन डुकराच्या हेपारिनसारखं तंतोतंत नसतं. डुकराच्या हेपारिनला अमेरिकन मानकानुसार दर मिलिग्रॅमला किमान १८० युनिट ताकद लागते. गुरांच्या आतड्याचं त्याहून बरंच कमी भरतं. युनिटमध्ये मोजून दिलं तरी उतरवण्यासाठी लागणारं प्रोटॅमिन कमी-जास्त होऊ शकतं. ब्राझीलमध्ये एकेकाळी दोन्ही प्रकार एकाच नावाखाली, एकमेकांच्या जागी वापरले गेले आणि हृदयाच्या ऑपरेशनांत जास्तीच्या रक्तस्रावाच्या तक्रारी आल्या. त्यांनी ते बंद न करता दोन्हींची मानकं वेगळी केली, दोन वेगळी औषधं म्हणून. आपणही पहिल्या दिवसापासून तेच करायला हवं. भारतीय औषधकोशात म्हशीच्या हेपारिनचं वेगळं मानक असावं, व्हायलवर मोठ्या अक्षरांत स्रोत लिहिलेला असावा, झाकणाचा रंग वेगळा असावा, आणि एकाच खोलीत दोन्ही प्रकार ठेवू नयेत असा नियम असावा. दुकानदार म्हणून सांगतो, दोन सारख्या दिसणाऱ्या व्हायलींत गफलत होण्याची शक्यता नेहमीच जागी असते.

स्रोत लिहिण्याचा दुसराही मोठा फायदा आहे. धुळे, भुसावळ, जळगाव या भागांत मुस्लिम वस्ती मोठी आहे, आणि डुकरापासूनचं औषध ही त्यांच्यातल्या अनेकांसाठी मनाला टोचणारी गोष्ट आहे. नाइलाज असेल तर चालतं असं बरेच धर्मपंडित सांगतात, पण नाइलाज आणि निवड यांत फरक आहे. दुसरीकडे गाईच्या अंशाचं औषध अनेक हिंदू घरांना चालणार नाही, आणि जैन कुटुंबांना दोन्ही नकोत. म्हैस या वादात त्यातल्या त्यात कमी अडचणीची. आजच्या घडीला पेशंटला विचारलंच जात नाही, आणि विचारलं तरी द्यायला दुसरं काही नसतं. दोन स्रोत असले तर निदान विचारता येईल.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तपासणीची. आतड्याचं अस्तर काही तासांत खराब होतं. आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात तर काही विचारूच नका. ते थंड ठेवून किंवा टिकवणारं रसायन घालून लगेच प्रक्रियेला न्यावं लागतं. याचा अर्थ पहिली पायरी कत्तलखान्याच्या आवारातच हवी, आणि बॅच नंबर व्हायलवरून मागे थेट त्या आवारापर्यंत पोचायला हवा. चीनमध्ये २००७ ला घात झाला तो विखुरलेल्या, नोंद नसलेल्या छोट्या गोळा करणाऱ्यांमुळे. आपण तीच साखळी इथे उभी केली तर फक्त विषाचा पत्ता बदलेल. आणि आपल्या तपासणीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असा आपला अलीकडचा इतिहास नाही. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्याला, डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या खोकल्याच्या औषधानं लहान मुलं गेली. त्या पदार्थाची चाचणी काही अवघड नाही; ती वेळेवर झाली नाही. म्हणून म्हशीच्या हेपारिनची प्रत्येक बॅच सरकारी प्रयोगशाळेतून एनएमआर चाचणी होऊनच बाहेर पडावी, ही अट मी या योजनेतून वगळू देणार नाही. ही अट परवडत नसेल तर योजना करू नये.

आता पैशाचं. २०२० मध्ये केंद्रानं कच्च्या औषधांच्या देशी उत्पादनाला प्रोत्साहन देण्यासाठी ६,९४० कोटींची योजना आणली, चीनवरचं अवलंबन कमी करण्यासाठीच. त्या यादीत पेनिसिलिन-जी आहे, अ‍ॅस्पिरिन आहे, जीवनसत्त्वं आहेत. हेपारिन नाही. टाकीत किण्वन करून किंवा रसायनं जोडून जे बनतं ते त्या योजनेला दिसलं. कत्तलखान्यातून जे निघतं ते दिसलं नाही. कदाचित त्या शब्दाला हात लावायची कुणाची तयारी नसेल. पण मतांच्या भीतीनं ज्या औषधाचं नाव घेता येत नाही त्याच औषधावर मतदारांची आई डायलिसिस टेबलावर झोपलेली असते, आणि खानदेशातल्या लोकप्रतिनिधींनी हे संसदेत स्पष्ट शब्दांत मांडावं अशी माझी अपेक्षा आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खरेदीची पद्धत. सरकारी निविदा सर्वांत कमी भाव देणाऱ्याला जाते. पॅरासिटामॉलला हे चालून जातं, बनवणारे शंभर आहेत. हेपारिनमध्ये सर्वांत कमी भाव देणारे दोन वेगवेगळे पुरवठादार बहुधा एकाच कच्च्या मालाच्या उगमाशी जाऊन पोचतात, म्हणजे कागदावर दोन आणि प्रत्यक्षात एक. नवा, वेगळ्या स्रोताचा उत्पादक सुरुवातीला महागच पडणार, आणि पहिल्याच निविदेत बाद होणार. २०२० मध्ये काय झालं ते आठवा: भाव बांधून ठेवला, मग घाईघाईनं ५० टक्के वाढवला. ती वाढ अडचणीत सापडल्यावर दिली, दुसरा स्रोत उभा करण्यासाठी नव्हे. त्यातला थोडा पैसा अडचणीआधी, दुसऱ्या स्रोताची हमी म्हणून दिला असता तर आज आपल्या हातात काहीतरी असतं. डायलिसिसच्या एका सत्राला हेपारिन लागतं ते शंभर रुपयांच्या आतबाहेरचं. त्यात दहा-पंधरा रुपये जास्त गेले तर सत्राचा एकूण खर्च फारसा हलत नाही. हेपारिन मिळालं नाही तर सत्रच होत नाही.

आणि हे फक्त आपल्यापुरतं पाहण्याची चूक करू नये. मार्च २०२० मध्ये भारतानं पॅरासिटामॉलसह २६ कच्च्या आणि तयार औषधांची निर्यात रोखून धरली होती. आपल्याला गरज होती, म्हणून रोखली. उद्या चीननं हेपारिनच्या बाबतीत असंच केलं तर आपल्याला रागवायचा हक्क उरत नाही. आफ्रिकेतले, आपल्या शेजारचे कितीतरी देश औषधांसाठी आपल्याकडे पाहतात. म्हशीचं हेपारिन उभं राहिलं तर डुकरांवर पुढची साथ येईल तेव्हा केनियातल्या किंवा बांगलादेशातल्या डायलिसिसच्या खोलीलाही दुसरा दरवाजा मिळेल, आणि ज्या देशांना डुकराचं औषध नकोच आहे त्यांच्यासाठी तो पहिलाच असेल. त्यासाठी आपलं मानक जगाला मान्य व्हावं लागेल, आणि ते मान्य व्हायला वर्षं लागतील. चाचण्या, पेशंटांवरचे अभ्यास, प्रोटॅमिनचं प्रमाण ठरवणं, हे काम वैद्यकीय महाविद्यालयांतून आजच सुरू होऊ शकतं. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. डायलिसिसचे पेशंट तिथे रोज येतात, आणि त्यांच्या संमतीनं, नीट देखरेखीखाली असा अभ्यास करायला याहून योग्य जागा कोणती?

तोवर एक गोष्ट उद्यासुद्धा करता येईल. राज्याची औषधखरेदी आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे आहे. हेपारिनच्या पुढच्या निविदेत तीन अटी घालाव्यात: पुरवठादारानं कच्च्या मालाचा देश आणि जनावर लिहून द्यावं; मागणीचा काही हिस्सा वेगळ्या उगमाच्या पुरवठादारासाठी राखून ठेवावा, भाव थोडा जास्त असला तरी; आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तीन महिने पुरेल इतका साठा असावा, जो जुना माल आधी वापरत आणि नवा भरत फिरता राहील. पहिल्या अटीसाठी फॉर्मवर एक ओळ वाढवावी लागते, बाकीच्या दोन्हींसाठी थोडे पैसे. यातल्या कुठल्याही अटीसाठी नवा कायदा करावा लागत नाही.